पाठ आधी, लिटर नंतर

“किती लिटरची दाखवू?” नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर बॅगांच्या कोणत्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न हाच येतो. तीन महिन्यांसाठी परदेशी निघालेला माणूस यावर बहुधा साठ किंवा सत्तर असं उत्तर देतो. जास्त दिवस म्हणजे जास्त सामान आणि जास्त सामान म्हणजे मोठी बॅग, हे गणित इतकं सरळ वाटतं की त्यावर कुणी शंका घेत नाही. प्रत्यक्षात तीन आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं सामान जवळजवळ सारखंच असतं. कपडे पाच दिवसांचे लागतात आणि सहाव्या दिवशी धुवायला टाकावे लागतात, मग प्रवास पंधरवड्याचा असो की सहा महिन्यांचा. वाढतात त्या फक्त रोजच्या गोळ्या.

मोठ्या बॅगेचा दुर्गुण असा की ती भरते. तळाशी वीतभर जागा उरली की घरात कुणालातरी चैन पडत नाही. एक शाल, एक चिवड्याचं पाकीट, ‘असू दे, लागलं तर’ म्हणून एक जास्तीचा बूट. बघता बघता बॅग अठरा किलोंवर जाते आणि हे अठरा किलो उचलणारा माणूस ती भरताना बहुतेक वेळा फोनवर असतो.

म्हणून लिटरचा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवावा. त्याआधी दोन आकडे हातात हवेत: सामानाचं वजन आणि आपल्या पाठीची लांबी. पहिला विमान कंपनी ठरवते आणि दुसरा जन्मतः ठरलेला असतो.

वजनापासून सुरुवात करू. सोनेगावच्या विमानतळावरून परदेशी थेट जायचं तर दोनच वाटा ठरलेल्या आहेत: दोहा किंवा शारजा. बाकी सगळे मुंबई-दिल्लीमार्गे जातात. आणि इथेच पहिली मेख आहे. मुंबईहून पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो सामान चालतं, पण नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर त्या सव्वा-दीड तासाच्या उड्डाणाला देशांतर्गत नियम लागतो. साध्या तिकिटावर तो सहसा १५ किलोंचा आणि केबिनमध्ये ७ किलोंचा असतो. फ्रँकफर्टला चालणारी बॅग सोनेगावला अडते. काउंटरसमोर बॅग उघडून, मागच्या रांगेच्या साक्षीनं, लोणच्याची बरणी भावाच्या हातात परत देणारी कुटुंबं तिथे नेहमी दिसतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर बहुधा शेवटपर्यंत आंतरराष्ट्रीय मर्यादा धरली जाते. त्यामुळे बॅग घेण्याआधी तिकीट नीट वाचावं.

केबिनमध्ये न्यायच्या बॅगेचं माप तर आणखी मजेशीर आहे. इंडिगो लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ११५ सेंटिमीटर धरते, म्हणजे समजा ५५, ३५ आणि २५. शारजाला नेणारी एअर अरेबिया ५५, ४० आणि २० मागते. दोह्याला नेणाऱ्या कतार एअरवेजचं माप ५०, ३७ आणि २५ आहे. कागदावर घनफळ काढलं तर अनुक्रमे ४८, ४४ आणि ४६ लिटर येतं, म्हणजे फरक फारसा नाही. पण ५५ सेंटिमीटर उंचीची बॅग मुंबईच्या विमानात बिनबोभाट चढते आणि दोह्याच्या विमानाला पाच सेंटिमीटरनं जास्त भरते. युरोपात पोचल्यावर स्वस्त विमानं धरायची असतील तर हिशेब आणखी आवळतो. ईझीजेट फुकटात फक्त सीटखाली मावणारी, ४५ बाय ३६ बाय २० ची बॅग नेऊ देते, मोठीचे पैसे वेगळे. हे नियम कंपन्या अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात एकदा पाहून घ्यावेत.

यातून माझा कौल सरळ आहे: लांबच्या प्रवासाला ४० लिटरच्या आसपासची, ५० सेंटिमीटर उंचीची बॅग. तंबू आणि स्टोव्ह घेऊन डोंगरात राहायचं नसेल तर ६० लिटरची गरज कुणालाच नसते. आणि बॅगेचं स्वतःचं वजन विसरू नका. साच्याची, जाड पट्ट्यांची ४० लिटरची बॅग रिकामी असतानाच सव्वा ते पावणेदोन किलो भरते. सात किलोंमधून ते गेले की कपडे, चार्जर, औषधं आणि चपला मिळून सव्वापाच ते पावणेसहा उरतात. चेक-इनला देणार असाल तर वजनाची ओढाताण कमी होते, पण पाठीची होत नाही.

आता त्या लोणच्याच्या बरणीबद्दल. नागपूरकराच्या बॅगेत खाण्याचं सामान किती असावं यावर बाहेरच्या माणसानं बोलू नये, पण सीमाशुल्काचे अधिकारी बोलतात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून आपल्या सामानात आणायला युरोपीय संघात मनाई आहे. खव्याची संत्रा बर्फी त्यात येते, कितीही चांगल्या दुकानातून घेतली असली तरी. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि ती मनावर घेण्यासारखी आहे. घरी कुटलेल्या साओजी मसाल्यात खसखस असते, आणि शारजा हा तर आपल्या दोन थेट वाटांपैकी एक. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून केबिनमध्ये चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच हवी, चेक-इनच्या बॅगेत निघाली तर बॅग उघडली जाते.

काय घ्यावं याची आजवर झालेली सर्वात कसोशीची यादी नागपूरला परकी नाही. बौद्ध भिक्खूच्या वाट्याला अष्टपरिष्कार म्हणजे आठ वस्तू येतात: तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं वस्त्र. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशोदेशीचे भिक्खू येतात, त्यांच्या खांद्यावरची पिशवी एकदा निरखून बघा. आपल्याला काही भिक्खू व्हायचं नाही. पण या यादीची रचना बघण्यासारखी आहे. कपड्यांचे तीनच नग आहेत आणि त्यांची निगा राखायला सुई दिलेली आहे. खराब झालं तर बदली नग नेण्याऐवजी दुरुस्तीची सोय नेलेली आहे. शिवाय पाणी स्वच्छ करायची व्यवस्था आहे, पाणी नेण्याची नाही. अडीच हजार वर्षांनी आजचा शहाणा प्रवासी याच निष्कर्षाला येतो. तो तीन टी-शर्ट, दोन पँट, एक जाकीट, सुई-दोरा आणि पुन्हा भरता येईल अशी बाटली घेतो. आपल्याकडून एक भर घालतो: जाकीट अंगावर घालूनच विमानात चढतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात ते विचित्र दिसेल, पण वजनकाट्यावर अंगावरचे कपडे मोजत नाहीत.

सामान जमिनीवर मांडून झालं, काट्यावर तोलून झालं, की मग पाठ.

ओझं पाठीवर घ्यायची कला जुनी आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याजवळ वाकवलेली हेझलची काठी आणि लार्चच्या फळ्या होत्या. तो पाठीवरच्या साच्याचा सांगाडा असावा, असं अभ्यासक मानतात. पण ओझं नेमकं शरीराच्या कोणत्या भागावर टाकायचं, हे कोडं सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. खांदे दिसतात म्हणून माणसं शतकानुशतकं खांद्यांवरच टाकत आली. खांदे मात्र त्यासाठी घडलेले नाहीत. काखेजवळून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा जड पट्ट्याखाली दबला की हाताला मुंग्या येतात, पकड सुटते. सैनिकांत आणि गिर्यारोहकांत हा त्रास इतका दिसतो की त्याला डॉक्टरांनी बॅगेवरूनच नाव दिलं आहे.

आपल्याकडच्या बायकांना याचं दुसरं उत्तर फार आधी सापडलं होतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीचा भार सरळ कण्यातून खाली. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर केलेला एक अभ्यास १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला होता. शरीराच्या वजनाच्या एक-पंचमांशपर्यंतचं ओझं डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्यानं घेऊन चालताना त्यांना जवळजवळ काहीच जादा प्राणवायू लागला नाही. याच्या मागे लहानपणापासूनचा सराव असतो. आपण तिशीत अचानक डोक्यावर बॅग घेतली तर फक्त मान दुखेल. पण तत्त्व तेच आहे: भार हाडांच्या रांगेतून जमिनीकडे जायला हवा, स्नायूंना लटकून नव्हे.

पाठीवरच्या बॅगेत ते तत्त्व कंबरपट्ट्यानं आलं. कॅलिफोर्नियातला डिक केल्टी नावाचा सुतारकाम करणारा माणूस डोंगरात भटकायचा. बॅगेच्या साच्याची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली की खांदे हलके होतात, हे चालता चालता लक्षात आलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. १९५२ मध्ये त्यानं घराच्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्याच्या बॅगा बनवायला घेतल्या. साचा तो वाकवायचा, कापड बायको नीना शिवायची. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोवनं तो साचा बॅगेच्या आत घातला, आणि आज दुकानात टांगलेली प्रत्येक मोठी सॅक त्याच घराण्यातली आहे. चांगल्या बॅगेत ओझ्याचा सत्तर-ऐंशी टक्के भार कंबरेच्या हाडांवर उतरतो. खांद्याचे पट्टे फक्त बॅग मागे कलू देत नाहीत.

मात्र हे होतं ते साच्याची लांबी आणि पाठीची लांबी जुळली तरच. पाठ म्हणजे उंची नव्हे. साडेपाच फुटांच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब असू शकतं आणि त्यांच्या मापात पाच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. माप घरीच घेता येतं. मान खाली झुकवा, मानेच्या मुळाशी जो मणका सगळ्यात ठळक वर येतो तो एक बिंदू. मग कंबरेवर हात ठेवा, बरगड्यांखालची हाडाची वरची कड बोटांना लागेल. दोन्ही अंगठे पाठीकडे वळवून त्या कडेवरून सरळ मणक्याकडे आणा, ते जिथे भेटतात तो दुसरा बिंदू. दुसऱ्या कुणाला शिंप्याची टेप मणक्यावरून सोडायला सांगा. बहुतेक प्रौढांचं माप ३८ ते ५३ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. बॅगेच्या आतल्या लेबलावर, नाहीतर कंपनीच्या तक्त्यात हा आकडा लिहिलेला असतो. नसेल तर ती बॅग लॅपटॉपची आहे, लांबच्या प्रवासाची नाही.

दुकानात बॅग रिकामी असते, आतमध्ये कागदाचे बोळे कोंबलेले असतात, आणि रिकामी बॅग कुणालाही छानच बसते. म्हणून जाताना वजन बरोबर न्यावं. पाच-पाच किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या पुरतात. दुकानदार आधी हसतो, मग “घाला ना भाऊ, त्यात काय” म्हणतो. बॅग पाठीवर घ्या आणि सगळे पट्टे ढिले सोडा. पहिल्यांदा कंबरपट्टा, तोही पोटावर नाही, हाडाच्या कडेवर. पट्ट्याचा मधला भाग त्या कडेवर बसला पाहिजे. बक्कल लावून घट्ट ओढा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण एवढेच की ते खांद्याला लपेटून बसतील, दाबणार नाहीत. खांद्याच्या वर, बॅगेकडे तिरप्या जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या असतात, त्या ओढल्या की बॅगेचा माथा पाठीशी चिकटतो. छातीवरची पट्टी शेवटी. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घाला. सहज गेली तर भार कंबरेवर आहे. अजिबात शिरत नसतील तर बॅग पाठीला आखूड आहे, आणि पट्टा खांद्यावर टेकतच नसेल तर लांब आहे.

बायकांनी एक गोष्ट बघावी. ‘लेडीज’ म्हणून गुलाबी रंगाची तीच बॅग विकली जाते, तिला भुलू नये. खरी वेगळी शिवलेली बॅग धडाला आखूड असते, पट्टे मानेजवळ जवळजवळ आणि छातीकडे वळणदार असतात, कंबरपट्टा खालच्या बाजूला रुंदावत जातो. अंगकाठीनं लहान पुरुषांनाही हीच बसते. रंगाची लाज वाटत असेल तर काळी शोधावी.

किती वजन घ्यावं? गिर्यारोहकांचा ठोकताळा शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याचा आहे. शहरातून शहरात, जिने, मेट्रो आणि बसस्टॉप करत फिरणाऱ्यानं सातव्या-आठव्या हिश्श्यावर थांबावं. साठ किलोंच्या माणसाला आठ किलो. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. झोपायचे कपडे तळाशी. पावसाळी जाकीट अगदी वर. जड सामान बाहेरच्या खिशात गेलं की बॅग मागे खेचते आणि माणूस नकळत पुढे वाकून चालायला लागतो.

सह्याद्रीतल्या ट्रेकची सॅक घरात असेल तर तीच का नको? नको, कारण ती वरून उघडते. तळाशी गेलेला मोजा काढायला अख्खं सामान हॉस्टेलच्या पलंगावर ओतावं लागतं, आणि समोरच्या पलंगावर एक कोरियन मुलगी झोपलेली असते. प्रवासाच्या बॅगेची चेन सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडली पाहिजे आणि तिच्या दोन्ही रनरमधून छोटं कुलूप गेलं पाहिजे. चेक-इनला देताना पट्टे आत दडवायची झाकण-पट्टी असली तर उत्तम. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यात अडकून बक्कल तुटल्याच्या तक्रारी बॅग दुरुस्तीवाले रोज ऐकतात. झाकणपट्टी नसेल तर कंबरपट्टा उलटा वळवून बॅगेभोवतीच बांधावा.

कापडावर ‘२१०डी’, ‘४२०डी’ असे आकडे असतात. धाग्याची जाडी त्यातून कळते: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. तळाला जाड आणि अंगाला पातळ असं मिश्रण चांगलं. पण खरी बॅग कापडावर फाटत नाही, शिलाईवर फाटते. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे बोट फिरवा. दाट, आडव्या, एकमेकींवर चढलेल्या टाक्यांची गाठ लागली पाहिजे. चेन दहा वेळा उघडझाक करा, वळणावर रनर अडकला तर बॅग खाली ठेवा. पावसासाठी वरून घालायचं आवरण मिळतं, पण पाठीच्या बाजूनं पाणी आत येतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि तिच्यात सगळं सामान, याला तोड नाही, आणि किंमत जवळपास शून्य.

इथे एक कबूल केलं पाहिजे: पाठीवरची बॅग सगळ्यांसाठी नाही. केसरी किंवा वीणा वर्ल्डच्या सहलीला निघाला असाल, बस हॉटेलच्या दारात थांबते, तर चाकांची बॅगच घ्या. बर्नार्ड सॅडो यानं सूटकेसला चाकं लावून १९७२ मध्ये पेटंट मिळवलं, ते याच प्रवाशांसाठी. एका शहरात महिनाभर मुलीकडे राहायचं असेल, गुडघे किंवा मणका तक्रार करत असेल, तर सॅकचा हट्ट हा निव्वळ हट्ट होतो. चाकं मात्र सपाट जमिनीचीच सोबती. प्रागच्या दगडी गल्ल्यांत त्यांचा खडखडाट दोन चौक दूर ऐकू जातो, आणि पॅरिसच्या मेट्रोत कित्येक स्थानकांवर लिफ्टच नाही. दर तीन-चार दिवसांनी गाव बदलायचं, आणि गावातही स्टेशन ते मुक्काम चालत जायचं, अशांनाच पाठ उपयोगी.

नागपूरसाठी म्हणून एक सावधगिरी. बॅग घेतली की आपण ती माळ्यावर टाकतो. मे महिन्यात स्लॅबखालचा माळा भट्टी होतो, जुलैत त्यात दमट हवा कोंडते. बॅगेच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. उष्णता आणि ओल एकत्र आली की त्या लेपाची साखळी तुटत जाते, आधी चिकट होतो, मग वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. न वापरता बॅग खराब झाली म्हणून लोक कंपनीला नावं ठेवतात. ती कपाटात, उघडी, रिकामी आणि कोरडी ठेवावी. डांबरगोळ्या नकोत. तुटलेलं बक्कल आणि बिघडलेला रनर इथे कुठेही बदलून मिळतो, बर्डीवर त्यांचे ठेले आहेत. परदेशात मात्र त्याच कामाला नव्या बॅगेच्या निम्मे पैसे मागतात. म्हणून जाताना एक जादा बक्कल आणि जाड नायलॉनचा दोरा सुईसकट घ्यावा.

निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी बॅग घरात असावी. तिच्यात ठरलेलं सगळं सामान भरावं, पाण्याची बाटलीसुद्धा, आणि सकाळी सहाला फुटाळ्याला एक फेरी मारून यावी. पुढच्या रविवारी रामटेक: अंबाळ्याकडून गडाच्या पायऱ्या, वर जाऊन पुन्हा खाली. उतरताना बॅग हेलकावते का, कंबरपट्टा घसरतो का, घामानं पाठ किती भिजते, हे तिथेच कळतं. घरी परतल्यावर सामान पुन्हा जमिनीवर ओता आणि वाटेत ज्याचा राग आला ती वस्तू बाजूला काढा. खांद्यावर लाल वळ उठले असतील तर पट्ट्यांचा क्रम पुन्हा लावून एकदा चालून पाहा. तरीही उठले तर माप चुकलंय. त्यासाठी लेबल कापू नका आणि बिल खिशात ठेवा. बर्डीवरचा दुकानदार बॅग बदलून देताना थोडी कुरकुर करेल, पण देईल.